बिनपगारी, फुल अधिकारी

मराठी माणसाला कुणी रिकामं बसलेलं बघवत नाही. चार दिवसांसाठी पाहुणा आला तरी दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे शेंगांची परात सरकते, "गप्पा मारता मारता तेवढ्या सोला" म्हणून. मग तारेवर, फांदीवर, कौलावर दिवसभर नुसती बसून राहणारी पाखरं आपल्या नजरेतून सुटणार कशी? मागे कधीतरी आपल्या वाडवडिलांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि खाती वाटून टाकली. कावळ्याकडे पितर आणि पाहुणे, टिटवीकडे पर्जन्यमान, पावशाकडे कृषी, भारद्वाजाकडे शुभशकुन, पिंगळ्याकडे भविष्य, चिमणीकडे बालसंगोपन. नेमणूक कायमची आणि पगार शून्य. यातल्या एकाही पाखरानं आजवर हजेरीपटावर सही केलेली नाही, पण खाती चालू आहेत आणि चुका झाल्या की बोल त्यांनाच.

सगळ्यात जास्त भार कावळ्यावर.

पुण्यात ओंकारेश्वराजवळ, नाशकात रामकुंडावर किंवा कुठल्याही गावच्या नदीकाठी दहाव्याची सकाळ बघावी. भाताचे पिंड मांडलेले असतात, त्यावर काळे तीळ, बाजूला मयताच्या आवडीचं काहीबाही. समोरच्या पिंपळावर कावळे बसलेले. खाली नातेवाईक हात जोडून उभे.

"अण्णा, धाकट्याचं लग्न आम्ही लावून देऊ. काळजी करू नका."

कावळा ढिम्म.

"वहिनीला कधी अंतर देणार नाही, अण्णा."

कावळा फांदीला चोच घासतो. इतक्यात मागून कुणीतरी हळूच म्हणतं, "प्लॉटचं बोला, प्लॉटचं."

"अण्णा, तळेगावच्या प्लॉटवरून आम्ही भावंडं कोर्टात जाणार नाही!"

यावर कावळा उडतो आणि नदीपलीकडच्या झाडावर जाऊन बसतो. अण्णांचा माणसांचा अनुभव दांडगा होता.

खरं म्हणजे कावळ्याला माणसाची नजर कळते. समोरचा आपल्याकडे बघतोय की दुसरीकडे, हे पाहून तो थांबायचं की उडायचं ते ठरवतो. अमेरिकेतल्या कावळ्यांवर यासाठी रीतसर प्रयोग झाले आहेत. आता त्याच्या जागी बसून विचार करा. नदीकाठी भाताचे गोळे ठेवलेत, भोवती पंचवीस माणसं कडं करून उभी आहेत, सगळ्यांचे डोळे आपल्यावर, हात जोडलेले, आणि वर आपल्याच भाषेत हाका मारताहेत. एवढं आग्रहाचं आमंत्रण आपल्याला कुणी दिलं असतं तर आपणही आधी चप्पल कुठे काढली होती ते बघून ठेवलं असतं. जुन्या गुरुजींना हे बरोबर ठाऊक असतं. "मंडळी, जरा बाजूला व्हा, तिकडे चहा घ्या," असं ते सांगतात. मंडळी पाठ फिरवतात आणि कावळा उतरतो. त्या क्षणी ज्याच्या तोंडून जे निघालं असेल ती मयताची शेवटची इच्छा! एका दहाव्याला नेमके त्याच वेळी एक मेहुणे "चहात साखर कमी आहे" असं म्हणाले. आयुष्यभर मधुमेहाच्या गोळ्या खाल्लेल्या माणसाचा जीव साखरेतच अडकला होता, यावर घरात तत्काळ एकमत झालं आणि तेराव्याला जिलबी झाली.

कावळा शिवलाच नाही तर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. कचेऱ्यांतून प्रभारी अधिकारी नेमायची पद्धत कुठून आली असावी, याचा मला इथे अंदाज येतो.

भाद्रपदातल्या पितृपंधरवड्यात तर या खात्याची पार दमछाक होते. घराघरातून वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी गच्च्यांवर येते. पहिल्या दोन दिवसांत कावळे सगळं खातात. तिसऱ्या दिवसापासून ते वडा तेवढा उचलतात. पंचमी-षष्ठीपर्यंत वड्याचाही कुरकुरीत काठच जातो आणि अष्टमीनंतर पान नुसतं बघून पुढच्या गच्चीवर. अशा वेळी घरातली वडीलधारी बाई हताशपणे म्हणते, "सासूबाईंना माझ्या हातचं जिवंतपणी तरी कुठे आवडलं होतं!"

ज्याच्यापुढे आपण असे हात जोडून उभे राहतो त्या कावळ्याची सरकारदरबारी काय किंमत होती? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला एक पाचवी अनुसूची होती, उपद्रवी प्राण्यांची. उंदीर, घुशी, फळं खाणारी वटवाघळं आणि कावळा. म्हणजे वाघ, मोर, माळढोक यांच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्यात आपले पितर घुशीशेजारी बसवले होते, आणि घाटावर "या हो अण्णा" म्हणणाऱ्या पंचवीसजणांपैकी एकालाही त्याचा पत्ता नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच गेली आणि २०२३ च्या एप्रिलपासून बदल अमलात आला. एकावन्न वर्षांनी कावळ्याचं नाव यादीतून निघालं. खातेनिहाय चौकशीला आपल्याकडे साधारण एवढा वेळ लागतोच.

परदेशात त्याचं अजून सुटलेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झांझिबारमध्ये कचरा साफ करायला म्हणून भारतीय कावळे नेले. तिथून ते आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पसरले. काही कावळे जहाजावर फुकट बसून थेट हॉलंडच्या बंदरात उतरले आणि तिथे त्यांनी पिल्लंही काढली. व्हिसा, मुलाखत, कन्सल्टंट, काही नाही. केनियाच्या वन्यजीव खात्यानं तर २०२४ साली दहा लाख भारतीय कावळे मारायची योजना जाहीर केली, कारण ते स्थानिक पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातात आणि हॉटेलातल्या पाहुण्यांच्या ताटात चोच घालतात. ही बातमी वाचून माझ्या मनात पहिला विचार आला तो मोंबासाकडच्या मराठी घरांचा. अमेरिकेतल्या आपल्या लोकांना श्राद्धाच्या दिवशी कावळा शोधत हिंडावं लागतं. केनियात दहा लाख दारात, आणि सरकार त्यांच्या जिवावर उठलेलं.

पाहुण्यांचं खातं मात्र आता डबघाईला आलं आहे. सकाळी खिडकीत कावळा ओरडला की पाहुणा येतो, ही समजूत पाहुणे न कळवता येत तेव्हा ठीक होती. हल्ली पाहुणा निघण्याआधी फोन करतो, वाटेत दोनदा लोकेशन पाठवतो आणि फाटकाशी येऊन "कुठली विंग?" म्हणून परत फोन करतो. कावळा अजूनही इमानानं ओरडतो. आपण खिडकी लावून घेतो.

या सगळ्यावर कडी म्हणजे कावळ्याकडे पावसाचा अतिरिक्त कार्यभार आहे. त्यानं आंब्यावर घरटं केलं तर पाऊस चांगला, बाभळीवर केलं तर दुष्काळ. घरट्यात चार अंडी असली तर भरपूर पाऊस, एकच असलं तर त्या वर्षी देवच राखो. वराहमिहिरानं बृहत्संहितेत कावळ्याच्या शकुनांना अख्खा अध्याय दिला आहे, त्यामुळे याला कुणी खेडवळ समजूत म्हणून हसू नये. अडचण एवढीच, की कावळी चार-पाच अंडी घालते ही तिची नेहमीची रीत. म्हणजे या हिशेबानं पाऊस दरवर्षी भरपूर. असा एकसारखा उत्साहवर्धक अंदाज वेधशाळेलाही जमलेला नाही.

आणि त्यात कोकिळा! कोकिळेला स्वतःचं घरटं नाही. ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. नर समोर जाऊन ओरडून कावळ्यांना अंगावर घेतो, ते त्याच्यामागे लागतात आणि तेवढ्यात मादी मागच्या मागे काम उरकून जाते. तेव्हा झाडावर चढून अंडी मोजणाऱ्यानं चार मोजली, तर त्यांतली कावळ्याची किती आणि बाहेरून आलेली किती, हे त्याला कोण सांगणार? आकडेवारीत असा घोळ असल्यावर धरणं भरायची कशी?

त्यातून शहरातल्या कावळ्यानं आंबा-बाभूळ हा प्रश्नच निकालात काढलाय. मुंबईत तो मोबाइलच्या टॉवरवर घरटं करतो आणि काड्यांऐवजी तारा वापरतो. बांधकामाच्या सळया बांधायची तार, केबलवाल्यानं टाकून दिलेली तार, दोरीवरून पळवलेले हँगर. चिऊकाऊच्या गोष्टीत कावळ्याचं घर शेणाचं म्हणून पहिल्या पावसात वाहून जातं. आजी ती गोष्ट सांगत असते तेव्हा खिडकीबाहेर कावळ्याचं घर लोखंडी, आरसीसीच्या तोडीचं. आणि चिमणी, जिचं घर मेणाचं, ती जागा मिळत नाही म्हणून शहर सोडून गेलेली.

पर्जन्य खात्यातली दुसरी अधिकारी म्हणजे टिटवी. ती उघड्या जमिनीवर, खडे-मातीतच अंडी घालते. तिनं उंचवट्यावर घातली तर पाऊस जोराचा, खोलगट जागी घातली तर बेताचा. शहरांत माळ उरले नाहीत तशी ती इमारतींच्या गच्चीवरही अंडी घालू लागली आहे. सातव्या मजल्यावर घातलेल्या अंड्यांचा अर्थ काय लावायचा? मनूची नौका बाहेर काढायची वेळ आली म्हणायची. बाकी टिटवी ही खात्याची सर्वांत दक्ष कर्मचारी. रात्री दोन वाजता शेताच्या बांधावरून कुत्रं गेलं तरी ती साऱ्या शिवाराला कळवते. पाय वर करून झोपते, म्हणजे आभाळ कोसळलं तर झेलता येईल, अशीही तिची ख्याती आहे. एवढी जबाबदारी अंगावर घेणारं माणूस कुठल्याही कचेरीत एक तरी असतंच, आणि त्याच्या टेबलाजवळ कुणी बसत नाही.

कृषी खातं पावशाकडे. उन्हाळ्याच्या अखेरीस तो "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" असं सांगत फिरतो. रात्री-अपरात्री, चढत्या सुरात, ऐकणाऱ्याचं डोकं उठेपर्यंत सांगतो. पण तो हे मार्च-एप्रिलपासूनच सांगायला लागतो. त्याचं ऐकून कुणी पेरलं तर बियाणं उन्हात भाजून निघेल आणि दुबार पेरणीचा पंचनामा करायला तलाठी येईल. कृषी विभाग दरवर्षी जीव तोडून सांगत असतो, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पावशाला शेतीचं सोयरसुतक नाही. तो मादीला बोलावतोय. तिची अंडी सातभाईंच्या घरट्यात जायची आहेत, आणि सातभाई बिचारे एवढा गोतावळा बाळगून असतात की घरात एक जास्तीचं पोर कुणाचं आहे, हे विचारायची त्यांच्यात पद्धत नसावी.

चातकाचंही तसंच. पावसाचा थेंब पिऊन राहणारा विरही म्हणून कवींनी त्याला डोक्यावर घेतलं. तो पावसाच्या तोंडावर आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतो हे खरं, आणि एवढ्याशा जिवानं ते करावं याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण पावसाळ्यात इथे केसाळ सुरवंटांचा सुकाळ होतो आणि चातकाला सुरवंट प्राणप्रिय. आकाशाकडे बघून आळवणी करणारा हा साधू मनातून जेवणाचा बेत ठरवत असतो. मला त्यानं तो जास्त जवळचा वाटतो.

भारद्वाजाची नेमणूक सर्वांत सुखाची. त्यानं नुसतं दिसायचं. तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा हा कुंभारकावळा कुंपणावरून धडपडत गेला की स्कूटरवाला स्कूटर थांबवतो आणि हात जोडतो. बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत आमच्या भागातल्या एका आया-मंडळाला कुठल्या झाडीत तो किती वाजता असतो हे पाठ होतं. मुलगा केंद्रावर दहा मिनिटं उशिरा पोचला तरी चालेल, पण भारद्वाज बघूनच जाईल. त्या वेळी भारद्वाज झाडीत काय करत असतो? गोगलगाय फोडत असतो, नाहीतर बुलबुलाच्या घरट्यातलं पिल्लू पळवत असतो. त्याच्याही समाजात शकुन पाळत असतील तर तो घरी जाऊन सांगत असेल, "सकाळी सकाळी माणूस आडवा गेला, आणि वर हात जोडून उभा राहिला. आज काही खरं नाही."

पिंगळ्याचं सोपं होतं. हे छोटं घुबड बोलतं त्याचा अर्थ फक्त पिंगळा जोशाला कळतो, असं ठरलेलं. जोशी पहाटे कंदील घेऊन, कुडमुडं वाजवत दारात यायचा, भविष्य सांगायचा आणि सुपातलं धान्य घेऊन जायचा. मधला माणूस म्हणजे एजंट असला की कुठलंही खातं सुरळीत चालतं. हल्ली जोशी दिसत नाही. पिंगळा अजून आहे आणि रोज संध्याकाळी दिव्याच्या खांबावर बसून किडे खाताना मोठमोठ्यानं बोलतो. भविष्य बाहेर येतंय, टिपून घेणारं कुणी उरलं नाही.

चिमणीकडे मुलांना भरवण्याचं काम होतं. एक घास चिऊचा म्हटलं की पोरगं तोंड उघडत असे. आता तिथे मोबाइल लावतात. सिमेंटच्या सपाट भिंतींत चिमणीला वळचण सापडत नाही, आणि पिल्लांना भरवायला कोवळे किडे लागतात तेही कमी झाले. तेव्हा आपण सरकारी रिवाजाप्रमाणे तिचा दिवस सुरू केला. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळतात, आणि त्यातून पुष्कळ लोकांना चिमणी निदान आठवली. बाल्कनीत लाकडी घरटं टांगलं जातं. त्यात खार राहायला येते.

पण याच चिमणीनं एकदा डाव उलटवला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या एका पोरानं छऱ्याच्या बंदुकीनं चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, म्हणून मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलर्डसाहेबांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी गच्च भरलेली कपाटं उघडून दाखवली, आणि ते पोर जन्मभरासाठी कामाला लागलं. सालिम अली नव्वद वर्षं जगले आणि म्हातारपणीही गळ्यात दुर्बीण घालून रानोमाळ हिंडत राहिले. पक्ष्यानं माणसाला नेमल्याचं एवढं नामी उदाहरण दुसरं नसेल.

त्यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर, मारुती चितमपल्लींचा ५ नोव्हेंबर. या दोन तारखांमध्ये महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. त्या दिवसांत भिगवणच्या पाण्यावर माणसांचे थवे उतरतात. रोहित अजून पोचलेले नसले तरी हे पोचतात. हिरवट कपडे, तोफेएवढी लेन्स, मध्येच बटाटेवडा. यांची भाषा ऐकावी. "लाइफर मिळाला का?" "शिक्रा मिळाला, पण पाठमोरा." "माझ्यावर नजर टाकून गेला, फोकसच लागेना." दूरच्या पाण्यात राजहंस हिमालय ओलांडून आलेले असतात आणि गप्पा तिसऱ्या दिवशीही लेन्सच्या हप्त्यांवरच चाललेल्या असतात. हल्ली आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप निघालं आहे. आमच्या ओळखीचे एक काका ते चालू ठेवून सोसायटीच्या जिन्यात उभे होते. फोन म्हणे एकामागून एक पक्षी दाखवत होता. ती समोरच्या फ्लॅटची बेल होती.

राज्यपक्ष्याचं पद हरियालाकडे आहे. हे हिरवट-पिवळं कबुतर वड, पिंपळ, उंबराच्या फळांवर जगतं आणि पानांत असं मिसळून जातं की झाडाखाली उभं राहूनही दिसत नाही. तो कधी जमिनीवर पाय ठेवत नाही, पाणी प्यायला उतरलाच तर पायात काडी धरून उतरतो, अशी जुनी समजूत आहे. पाय जमिनीवर नाहीत, दिसत कुणाला नाही आणि फळं खाऊन राहतो. राज्य पातळीवरच्या पदाला यापेक्षा योग्य उमेदवार मिळाला नसता.

जमिनीच्या बाबतीत भाग्यवान ठरला माळढोक, निदान कागदावर. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत त्याच्या नावानं ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावंच्या गावं आली. आपण अभयारण्यात राहतो हे लोकांना कळलं ते घर बांधायची, जमीन विकायची परवानगी अडली तेव्हा. मुलीच्या लग्नासाठी शेत काढावं तर मध्ये माळढोक. पुढे हद्द १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली. पण तोवर माळढोकानंच कंटाळून बाड आवरलं होतं. त्याला माळ हवा असतो आणि आपण ऊस लावला होता. आता नान्नजला एखादा दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते.

राहिलं कबुतर. याला मात्र खरीखुरी नोकरी होती. टपाल नेणं. ओडिशा पोलिसांकडचं निरोप्या कबुतरांचं पथक एकविसावं शतक उजाडेपर्यंत निरोप नेत होतं. नोकरी सुटली, पण निवृत्त कर्मचारी क्वार्टर सोडत नाही तसं कबुतर आपलं घर सोडायला तयार नाही. मुळात ते डोंगरकड्यांच्या कपारीत राहणारं. आपण वीस मजल्यांचे कडे बांधले, प्रत्येक कड्याला खिडकी नावाची कपार ठेवली आणि एसीच्या खोक्यामागे आडोसा करून दिला. त्यानं तीन काड्या टाकल्या, त्याला घरटं म्हटलं आणि वर्षभर अंडी घालत राहिलं. पुढे जाळीवाला येतो आणि माणूस आपल्याच घराला पिंजरा लावून आत बसतो. २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईतले कबुतरखाने बंद करायचं ठरलं, तेव्हा दादरच्या कबुतरखान्यावर पालिकेनं ताडपत्री घातली. कबुतरांच्या विष्ठेनं फुप्फुसं बिघडतात म्हणणारे एकीकडे, दाणे टाकणं हा धर्म आहे म्हणणारे दुसरीकडे. ताडपत्री फाडली गेली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तज्ज्ञांच्या समितीची बोलणी झाली. कबुतरं समोरच्या इमारतीच्या कठड्यावर बसून हे सगळं बघत होती. त्यांनी एवढंच ताडलं, की माणसं भांडत असली की दाणे जास्त सांडतात.

आमच्या सोसायटीच्या मे महिन्यातल्या सभेत मात्र विषय कोकिळेचा होता. तळमजल्यावरच्या एका काकांनी लेखी अर्ज दिला होता, की पहाटे चारपासून गुलमोहरावर बसून एक पक्षी कर्कश ओरडतो, तरी त्याचा बंदोबस्त व्हावा.

"अहो काका, कोकिळा आहे ती. लोक पैसे देऊन ऐकतात."

"पैसे मी देतो, तुम्ही तिला तुमच्या खिडकीत बांधा. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे ना? मग हिला का नाही?"

दुसऱ्या मजल्यावरच्या आजी निवृत्त शिक्षिका. त्यांच्या गळ्यात दुर्बीण असते. त्या म्हणाल्या, "ती नव्हे, तो. गातो तो नर असतो. मादी नुसती किक-किक करते." यावर महिला सभासदांनी एकमेकींकडे बघून मान हलवली. पहाटे चार वाजता उठून विनाकारण आवाज करणारा पुरुष असणार, हे त्यांना आधीच वाटलं होतं.

सेक्रेटरी या चर्चेत हेल्मेट घालून बसले होते. त्यांचा वेगळाच प्रश्न होता. त्याच गुलमोहरावर कावळ्याचं घरटं. केबलची तार लोंबते म्हणून त्यांनी एप्रिलमध्ये काठीनं एकदा ते ढोसलं होतं. तेव्हापासून ते खाली दिसले की कावळ्यांची जोडी डोक्यावर झडप घालत होती. दुसऱ्या कुणाला काही नाही, फक्त त्यांना. चेअरमन म्हणाले, "तुमचा वहिमच तो. कावळ्याला काय कळतं कोण सेक्रेटरी आणि कोण खजिनदार?"

आजींनी सांगितलं, "कळतं." सिॲटलला वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जॉन मार्झलफ यांनी गुहामानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले, खुणेची कडी घालून सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा दिसला की कावळे अंगावर यायचे. वर्षानुवर्षं यायचे. ज्यांना पकडलं नव्हतं तेही इतरांचं बघून शिकले. तुलनेसाठी त्यांनी अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचा मुखवटाही वापरून पाहिला, त्याला कावळ्यांनी फारसा त्रास दिला नाही.

"म्हणजे मी डिक चेनीचा मुखवटा घालू?" सेक्रेटरींनी विचारलं. खजिनदारांनी मुखवट्याचा खर्च किरकोळ दुरुस्तीत दाखवता येईल का, हे वहीत बघायला घेतलं.

"तशी गरज नाही," आजी म्हणाल्या. "पिल्लू उडायला लागलंय. आठ-दहा दिवसांत जाईल. मी रोज बघते. एकच पिल्लू आहे, काळंभोर, कावळी दिवसभर भरवते त्याला." मग जरा थांबून, "फक्त ते कावळ्याचं नाही. कोकिळेचं आहे."

सभेत क्षणभर कुणी बोललं नाही. सेक्रेटरींनी हेल्मेट काढून हातात घेतलं. वर चोचीचे दोन ओरखडे होते.

"म्हणजे महिनाभर मी डोकं फोडून घेतोय ते याच्यासाठी? आणि पुढच्या वर्षी हाच पहाटे चारला..."

"नर निघाला तर," आजी म्हणाल्या.

तळमजल्यावरच्या काकांनी आपला अर्ज परत मागितला आणि त्यावर पुढच्या वर्षाची तारीख घालून दिली.